'डोंगरी' कापड, डंगरी आणि जंपसूट : एका नावाचा इतिहास

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत 'डोंगरी कापड' अशी एक लहानशी नोंद आहे. मुंबईतील डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत जे साधे देशी कापड विकले जाई त्यास मुळात हे नाव होते. पुढे ते कोणत्याही हलक्या, स्वस्त सुती कापडास लावण्यात येऊ लागले. आणि इंग्रजांच्या तोंडचा 'डंगरी' हा शब्द याच नावाचा अपभ्रंश होय, असा त्या नोंदीचा आशय आहे. कोशकाराने एवढेच सांगून पुढचा शब्द घेतला. तथापि या दोन-तीन ओळींच्या आधारावर अलीकडे एक मोठी समजूत उभी राहिली आहे. जगभर तरुण मंडळी घालतात ती खांद्यावर पट्टे असलेली डंगरी, आणि तिच्याच गोतावळ्यात गणला जाणारा जंपसूट, ही वस्त्रे मूळची मुंबईची, म्हणजे पर्यायाने आपली, अशी ही समजूत आहे.

प्रस्तुत लेखिकेच्या कानी ती प्रथम पडली ती एखाद्या चर्चासत्रात नव्हे, तर ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रस्त्यावरील तयार कपड्यांच्या एका दुकानात. सोबत महाविद्यालयात शिकणारी भाची होती व तिला जंपसूट हवा होता. धडाचे आणि पायांचे वस्त्र कमरेशी शिवून एक केलेले असते तो जंपसूट, आणि छातीवर नुसता कापडाचा चौकोन व खांद्यांवरून जाणारे पट्टे असतात ती डंगरी, हा भेद दुकानदाराने आम्हांस मोठ्या आस्थेने समजावून दिला. लेखिकेच्या चेहऱ्यावरील भाव पाहून तो पुढे म्हणाला, "ताई, हे काही परदेशी नाही. आपल्या डोंगरीचंच आहे." हे विधान चूक ठरवावे तर मोल्सवर्थ त्या दुकानदाराच्या बाजूस उभा राहतो, बरोबर म्हणावे तर सनावळी आड येते. कापड, शब्द आणि वस्त्र या तीन निरनिराळ्या गोष्टींचे इतिहास एकत्र कालविले गेल्यामुळे हा घोटाळा झाला आहे, असे लेखिकेस वाटते. ते इतिहास वेगळे करून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. यूल व बर्नेल यांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' हा आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह छापला, तेव्हा डंगरी हा शब्द आपल्या माहितीच्या कोणत्याही कोशात नाही, असे त्यांनी त्यात लिहून ठेवले. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती त्या वेळी एकोणतीस वर्षांची होती. हिंदुस्थानातील शब्दांचा शोध घेताना फारसी व हिंदुस्तानी कोश चाळावयाचे आणि मराठीकडे पाहावयाचे राहून जावयाचे, ही सवय एकट्या यूलची होती असे नाही. १९०३ साली क्रूकने त्या ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध करताना ही उणीव भरून काढली. प्लॅट्सच्या कोशातील जाड्या कापडाचा वाचक असा 'डुंगरी' हा शब्द त्याने दिला, मोल्सवर्थची नोंद दिली, आणि मद्रासकडील एका शब्दसंग्रहात मुंबईजवळच्या खेड्यावरून हा शब्द आल्याचे म्हटले आहे तेही नोंदविले. आज इंग्रजी कोशांतून जी व्युत्पत्ती सर्रास दिलेली आढळते तिचा उगम बहुतांशी येथे आहे.

परंतु त्याच ग्रंथात दिलेले जुने दाखले वाचले की या व्युत्पत्तीविषयी शंका येऊ लागते. सर्वांत जुना दाखला १६१३ सालचा, कॅप्टन जॉन सॅरिस याच्या प्रवासवृत्तातला आहे. सॅरिस मोलुक्का बेटांत खंबायत व चोळमंडल येथील सुती कापड देऊन लवंग घेत होता, आणि कोणत्या कापडास किती लवंग मिळते याची यादी त्याने दिली आहे. तीत भडोचच्या एका कापडास सहा कट्टी लवंग, तर 'डोंगेरीन' नावाच्या कापडाच्या उत्तम प्रतीस बारा कट्टी लवंग, असा भाव आहे. म्हणजे हे नाव १६१३ साली हिंदुस्थानापासून हजारो मैल दूर, मलायी बेटांच्या बाजारात रुळलेले होते. त्या वेळी मुंबई पोर्तुगीजांच्या ताब्यात असून व्यापाराच्या दृष्टीने तिला महत्त्व नव्हते. इंग्लंडच्या राजास ती मिळाली १६६१ च्या विवाहाच्या करारान्वये, आणि कंपनीच्या हाती आली १६६८ साली. डोंगरीच्या किल्ल्याभोवती कापडाची पेठ भरावी आणि तिचे नाव समुद्रापार जावे, यास कंपनीची मुंबई हवी. शब्द मात्र तिच्या आधी निदान अर्धे शतक प्रवासास निघालेला दिसतो.

दुसरा दाखला याहूनही बोलका आहे. डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली या किनाऱ्यावर उतरला. त्याचा ग्रंथ १६९८ साली प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावरील बंदरे व त्यांचा माल यांची गणना करताना तो मुंबईचे नाव घेतो, पण डंगरी आणि सर्वांत वजनदार मिरी यांच्यासाठी कारवारचे नाव घेतो. कारवारच्या वखारीत कापड येई ते हुबळी वगैरे घाटमाथ्यावरील विणकरांकडून. फ्रायर मुंबईत राहिलेला मनुष्य होता. डंगरी जर मुंबईच्या डोंगरीची खूण असती तर ती त्याच्या नजरेतून सुटली नसती.

आता ध्वनीचा विचार करू. डोंगर हा शब्द संस्कृतोत्पन्न नव्हे. हेमचंद्राने बाराव्या शतकात 'देशीनाममाले'त 'डुंगर' हे रूप देशी म्हणून नोंदविले आहे. गुजराती व राजस्थानी यांत आद्य स्वर 'उ' राहिला, डुंगरपूर हे नाव त्याची साक्ष आहे. मराठीत तो 'ओ' झाला. सॅरिसच्या नोंदीत 'ओ' आहे, फ्रायरच्या नोंदीत 'उ' आहे. तेव्हा पहिल्यास मराठीने जन्म दिला व दुसऱ्यास गुजरातीने, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्या काळचे यूरोपीय लेखक आपल्याकडील ऱ्हस्व 'उ' आणि 'ओ' यांत काटेकोर भेद करीत नसत, व एकाच गावाचे नाव एकाच पानावर दोन तऱ्हांनी लिहिण्यात त्यांस संकोच वाटत नसे. स्वरावरून या शब्दाचे घर ठरविता येत नाही.

घर ठरत नसले तरी त्याचा परतीचा रस्ता मात्र स्वरावरून निश्चित ठरतो. इंग्रजीत सतराव्या शतकात ऱ्हस्व 'उ'चा उच्चार बहुसंख्य शब्दांत बदलून आपल्या 'अ'च्या जवळ आला. लेखनात 'उ'चे अक्षर राहिले, उच्चारात 'डुं'चा 'डं' झाला. आपल्या दुकानांच्या पाट्यांवरील 'डंगरी'त जो 'डं' आहे तो कोणत्याही भारतीय भाषेतील ध्वनिपरिवर्तनाचा परिणाम नाही. इंग्रजांच्या तोंडून आलेला तो 'डं' आहे. सैन्यात, विशेषतः रणगाड्यांच्या दलात, अंगभर घालावयाच्या काळ्या वस्त्रास 'डांगरी' म्हणतात. ते रूप याच 'डं'ची पुढची पायरी होय. (महाराष्ट्राच्या काही भागांत 'डांगर' म्हणजे भोपळा आणि अन्यत्र उडदाच्या पिठाचे तोंडीलावणे, त्यामुळे हा शब्द घरात उच्चारला की वडील माणसे हसतात.)

मग मोल्सवर्थ चुकला काय? तसेही म्हणता येत नाही. लेखिकेचे अनुमान असे की 'डोंगरी' हे मुळात स्थलनाम नसून विशेषण असावे. 'गावठी', 'घाटी', 'रानटी' या शब्दांत जी छटा आहे तीच 'डोंगरी'त आहे: डोंगराकडचे, घाटावरचे, आणि म्हणून नागर माणसाच्या दृष्टीने भरड. किनाऱ्यावरील व्यापारी घाटमाथ्याकडून आलेल्या जाड्या कापडास या नावाने ओळखू लागले असतील, आणि फ्रायरने कारवारचे नाव घेतले ते याच्याशी जुळते. मुंबईतील टेकडीवरील वस्तीचे नावही त्याच शब्दापासून स्वतंत्रपणे पडले. पुढे कंपनीच्या मुंबईत देशी कापडाची विक्री त्या वस्तीत होऊ लागली, तेव्हा कापडाचे नाव व वस्तीचे नाव ही एकमेकांस भेटली, आणि एकावरून दुसरे पडले असे लोकांस वाटू लागले. मोल्सवर्थने आपल्या शास्त्र्यांकडून जे ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले. ते एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या लोकांचे मत होते. अशी लोकव्युत्पत्ती कापडाच्या नावांत अपूर्व नाही. मादरपाटाचे मांजरपाट झाले, आणि मांजराचा त्या कापडाशी काय संबंध हे विचारण्याची कोणास गरज वाटली नाही.

या मताविरुद्ध एक आक्षेप येईल. कापडास नाव पडते ते बहुधा विक्रीच्या ठिकाणावरून: कोळिकोडवरून कॅलिको, नीमवरून डेनिम, जिनोव्हावरून जीन. मग डोंगरीवरून डंगरी का नको? आक्षेप योग्य आहे. परंतु या प्रत्येक ठिकाणी नाव पसरण्याच्या वेळी ते गाव मोठे व्यापारी केंद्र होते; १६१३ साली डोंगरी तसे नव्हते. मराठी माणसास डोंगरीची व्युत्पत्ती सोडवत नाही ती अभिमानामुळे, आणि अभिमान ही व्युत्पत्तिशास्त्रातील प्रमाणांपैकी एक नव्हे.

कापडाविषयी थोडे सांगितले पाहिजे. दख्खनचे भरड कापड परदेशी जाण्याची परंपरा डंगरीहून पुष्कळ जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस'मध्ये तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून साधे कापड फार मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याचे सांगितले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचे वर्णन केले, त्यातही कातड्याच्या जोडीला सुती कापडाच्या व्यापाराचा उल्लेख आहे. डंगरीच्या विणीत ताण्यात व बाण्यात दोन किंवा अधिक सूत एकत्र घेत. त्यामुळे कापड जाड व टिकाऊ होई. त्यातील बऱ्या प्रतीचे कापड गरीब लोक अंगावर वापरीत, भरड प्रतीचे होड्यांच्या शिडांस व तंबूंस लागे. खलाशांच्या बोलीत तर तोफखान्याच्या तटाप्रमाणे रंगविलेल्या कापडी देखाव्यांना 'डंगरी किल्ले' म्हणत. चीनच्या मोहिमेवर लॉर्ड एल्जिनबरोबर गेलेल्या ऑलिफंटने १८५९ साली असे किल्ले पाहिल्याचे लिहिले आहे. मुंबईचा खरा डोंगरी किल्ला त्यापूर्वीच नाहीसा झाला होता. १७६९ साली त्या टेकडीच्या जागी फोर्ट जॉर्ज उभा राहिला.

या कापडाच्या किमतीविषयी एक साक्ष मोठी मोलाची आहे. गव्हर्नर बार्टल फ्रियर याची कन्या मेरी फ्रियर हिने १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' हा लोककथांचा संग्रह छापला. कथा सांगणारी आया अ‍ॅना लिबेराता डिसोझा हिची आत्मकथा तिने त्यास जोडली आहे. पूर्वीच्या स्वस्ताईची आठवण सांगताना ही आया म्हणते की, आज ज्या डंगरीस वाराला आठ आणे पडतात ती त्या काळी रुपयास वीस ते चाळीस वार मिळे. हिशेब केला तर भाव दहापासून वीसपटीपर्यंत चढला होता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने कापसाचे भाव भडकविले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आयेची तक्रार अतिशयोक्तीची वाटत नाही. इंग्रजी कोशकारांनी तिचे हे वाक्य शब्दाचा दाखला म्हणून जपून ठेवले. त्यात एका गरीब बाईच्या अंगावरील कापड महाग झाल्याची हकीकत आहे, हे सहसा कोणी वाचीत नाही.

कापडाचे नाव वस्त्रास लागणे ही अर्थसंक्रमणाची साधी रीत आहे. आपण 'पैठणी नेसली' म्हणतो तेव्हा पैठण, कापड व लुगडे हे तिन्ही अर्थ एका शब्दात येतात. 'कोल्हापुरी घातली' म्हणताना चामड्याचा उल्लेखही लागत नाही. त्याचप्रमाणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत डंगरी कापडाच्या विजारीस अनेकवचनी 'डंगरीज' हे नाव पडले. ती खलाशांची व कामकऱ्यांची विजार होती. पुढे छातीवरील चौकोन व पट्टे असलेल्या विजारीसही तेच नाव लागले, आणि हळूहळू कापड विसरून आकार तेवढा राहिला. आज नौपाड्यात टांगलेल्या डंगरीचे कापड बहुधा डेनिम असते. क्वचित मखमलही असते. डंगरी नावाचे कापड त्या दुकानदारास मागितले तर तो गोंधळून जाईल.

जंपसूटचे कूळ मात्र वेगळे आहे, आणि दुकानदाराच्या विधानातील खरी चूक येथे आहे. अंगभर एकच शिवलेले वस्त्र यंत्रयुगाच्या गरजेतून आले. बाष्पकाच्या पोटात शिरून काजळी खरडणाऱ्या माणसास कमरेशी फट असून चालत नसे. फटीतून काजळी आत जाई आणि सुटे टोक यंत्रात अडके. म्हणून बॉयलर सूट. वैमानिकास उंचीवरील थंडीसाठी तसेच वस्त्र लागले, आणि छत्रीधारी सैनिक विमानातून उडी घेताना घालीत त्यावरून इंग्रजीत उडीचा पोशाख, म्हणजे जंपसूट, हे नाव आले. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजताच रात्रीच्या कपड्यांवर चटकन चढविण्यासाठी इंग्लंडात असेच वस्त्र निघाले, त्याचे नाव भोंग्यावरून पडले, आणि चर्चिलने ते इतके वापरले की त्याच्या छायाचित्रांतून ते अजरामर झाले.

भाषेच्या अभ्यासकास यातील इटलीचे उदाहरण सर्वांत गोड वाटेल. फ्लॉरेन्सचा कलावंत एर्नेस्तो मिकाहेलेस, जो 'तायात' या नावाने ओळखला जाई, त्याने आपल्या भावाच्या साहाय्याने १९१९ साली असे वस्त्र बेतले. पहिल्या महायुद्धानंतर कापड महाग झाले होते, व कोणासही घरी शिवता यावे असे स्वस्त, सरळ रेषांचे वस्त्र देण्याचा त्याचा हेतू होता. १९२० साली 'ला नात्सिओने' या वृत्तपत्रातून त्याचा बेत प्रसिद्ध झाला. नाव त्याने ठेवले 'तुता'. इटालियनमध्ये 'तुत्ता' म्हणजे सगळी. त्यातील एक 'त' त्याने गाळला, कारण रोमन लिपीतील ते अक्षर वस्त्राच्या आकारातच होते. कलावंताचा हा खेळ लोक विसरले, शब्द राहिला. आज इटलीत कामगाराच्या पोशाखास आणि खेळाडूच्या पोशाखास 'तुता' म्हणतात. रशियात रॉडचेंको यानेही १९२२ च्या सुमारास स्वतःसाठी असा पोशाख केला, तो त्याच्या पत्नीने, वार्वारा स्तेपानोवा हिने शिवला. या दोघांस समाज बदलावयाचा होता. १९७० नंतरच्या दशकात एल्व्हिस प्रेस्लीने तेच वस्त्र मणी व खडे लावून रंगमंचावर आणले तेव्हा कामगाराचा त्याशी संबंध उरला नव्हता.

आपल्याकडे हे वस्त्र दोन दारांनी आले, व म्हणून मराठीत त्यास दोन नावे आहेत. पहिले दार कारखान्याचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले व त्याची पहिली वसाहत ठाण्यातच, वागळे इस्टेट येथे आहे. कारखान्याच्या बोलीत या वस्त्रास 'बॉयलर सूट' हेच नाव आहे, मग घालणाऱ्याने जन्मात बाष्पक पाहिला नसला तरी चालते. दुसरे दार दुकानाचे. तेथे तोच बेत 'जंपसूट' होतो. वस्त्र एक, नावे दोन, आणि किंमत व मान नावाप्रमाणे. वागळे इस्टेट आणि राम मारुती रस्ता यांतील अंतर दोन-तीन मैलांहून अधिक नाही.

व्याकरणातही मौज आहे. इंग्रजीतील अनेकवचनी 'डंगरीज' मराठीत एकवचनी झाला, जसा 'जीन्स' झाला; आपल्या दृष्टीने वस्त्र एक आहे, पाय दोन असले म्हणून काय झाले? शेवटच्या 'ई'मुळे तो सहजच स्त्रीलिंगी ठरला: ती डंगरी. 'सूट' पुल्लिंगी, म्हणून तो जंपसूट, मग घालणारी मुलगी असली तरी. लेखनाचे मात्र अजून एकमत नाही. गोखले रस्त्यापासून राम मारुती रस्त्यापर्यंत एका संध्याकाळी फिरताना लेखिकेस डंगरी, डंग्री, डांगरी आणि डेंगरी अशी चार रूपे पाट्यांवर व पेट्यांवर आढळली. 'डोंगरी' हे रूप कोठेही नव्हते. शब्द परत आला आहे, पण ज्यांच्याकडे आला ते त्यास ओळखत नाहीत, व दुकानदारासारखे जे ओळखतात ते चुकीच्या खुणेवरून ओळखतात.

भाचीने जंपसूट घरी आणल्यावर लेखिकेच्या आईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ती नऊवारी नेसणारी. म्हणाली, "हा तर शिवलेला काष्टाच की गं." ही टीका नव्हती, निरीक्षण होते, आणि ते अचूक होते. एकाच वस्त्राने धड झाकावयाचे, पाय वेगळे ठेवावयाचे, कमरेशी सर्व घट्ट बसवून हातपाय मोकळे ठेवावयाचे, हे काम नऊ वारांचे लुगडे शिवणीवाचून करीत आले आहे. शेतात वाकणारी वा डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई ज्या कारणासाठी काष्टा घालीत असे, त्याच कारणासाठी यंत्राजवळील माणसाने बॉयलर सूट घातला. हल्ली तर काष्ट्यासह पायांत शिवून तयार केलेली नऊवारी ठाण्यात व डोंबिवलीत पाडव्याच्या स्वागतयात्रेपूर्वी हातोहात खपते. ती विजारीप्रमाणे पाय घालून चढवावयाची व पदर खांद्यावर घ्यावयाचा. तिला परंपरा म्हणावयाचे आणि जंपसूटला फॅशन, हा भेद बेतात नाही, नावात आहे.

येथे आगरकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कोल्हापूर प्रकरणातील शिक्षेचे एकशे एक दिवस त्यांनी व टिळकांनी १८८२ साली काढले ते याच डोंगरीच्या तुरुंगात, आणि पुढे 'सुधारका'त 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' असा निबंध लिहिणारेही आगरकरच. सोय व शालीनता यांचा विचार घालणाऱ्या बाईच्या बाजूने करावा, हा त्या वादातील मुद्दा अद्याप शिळा झालेला नाही. तेव्हा जंपसूट आज आपल्याकडे कसा घालावा, याविषयी या पत्रिकेत दोन शब्द लिहिण्यास लेखिकेस संकोच वाटत नाही.

सर्वांत महत्त्वाचे माप छातीचे नव्हे, कमरेचेही नव्हे. खांद्यापासून पुढून खाली, दोन पायांमधून मागे व पुन्हा त्याच खांद्यापर्यंत, हे धडाचे वेढ्याचे माप होय. ते उभ्याने घेऊन दोनेक इंच सैल ठेवावे, कारण बसताना ते वाढते. दुकानात घालून पाहताना आरशासमोर उभे राहून समाधान मानू नये; बसावे, वाकावे, हात वर करून लोकलगाडीची कडी धरल्यासारखे करून पाहावे. खांदा किंवा जांघ ओढली तर तो जंपसूट आपला नव्हे. कमरेची शिवण नैसर्गिक कमरेवर यावी. ती खाली येत असेल तर त्याच कापडाचा पट्टा बांधल्याने दोष झाकतो. उघडणे पुढून, कमरेच्या खालीपर्यंत असावे. पाठीमागे साखळी असलेला जंपसूट दिसावयास सुबक, पण प्रसाधनगृहात पूर्ण उतरवावा लागतो. ठाण्याहून मुंबईस रोज जाणाऱ्या बाईने तो घेऊ नये.

आपल्या दमट हवेस सुती किंवा खादीचे कापड बरे. डेनिमची डंगरी श्रावणात वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात ती कपाटात ठेवावी, व जंपसूटचे पाय घोट्याच्या चार बोटे वर ठेवावेत. रुंद घेराचे पाय हिवाळ्यासाठी. महाविद्यालयात वा कचेरीत घालावयाचा तर एकरंगी, गडद घ्यावा व वर खणाची अथवा हातमागाच्या कापडाची बिनबाह्यांची कोटी घालावी. त्याने धडाची लांब रेषा तुटते आणि वस्त्र आपलेसे दिसते. पायांत कोल्हापुरी चांगली दिसते, गळ्यात एखादा ठसठशीत दागिना पुरे. डंगरीच्या आत मुली बनियनवजा सदरा घालतात. त्याऐवजी जुन्या पद्धतीचे फुग्याच्या बाह्यांचे पोलके घालून पाहावे. लेखिकेच्या भाचीने आजीचे एक पोलके तसे घातले, ते छान दिसले आणि आजीने नंतर परत मागितले नाही.

एक शब्द शेवटी नोंदवावयाचा आहे. या दुकानांतून पुष्कळशा जंपसूटांवर 'फ्री साइझ' अशी चिठ्ठी असते. ओढणीस किंवा साडीस ती शोभते. ज्या वस्त्राचे सारे सुखदुःख धडाच्या उंचीवर अवलंबून आहे त्यावर ती लावणे हा भाषेचा दुरुपयोग आहे, आणि चिठ्ठीवर विश्वासून घेतलेला पहिला जंपसूट आम्हांस दुसऱ्या दिवशी बदलून आणावा लागला.